आमची वाटचाल: रस्त्यापासून परसापर्यंत

देवरूखला वडिलांचं प्लंबिंगचं छोटं दुकान होतं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाला आटे पाडायचे, सूत आणि सफेदा लावून सांधे आवळायचे, हे काम मी आणि धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली शिकलो. पण ती सगळी कामं घरातल्या घरात. लांबच्या लाइनीने आम्हाला खरं शिकवलं, आणि तेही तोंडघशी पाडून.

आमच्याकडे वाड्या विखुरलेल्या. ग्रामपंचायतीची लाइन रस्त्याने जाते, घर पोफळीच्या बागेपलीकडे. पहिलं मोठं काम मिळालं ते असंच, 300 मीटरचं. त्या घरात एक आजी एकट्याच राहायच्या. खर्च कमी व्हावा म्हणून आम्ही अर्ध्या इंची पीव्हीसी टाकली. तीन-तीन मीटरच्या नळ्या, सोल्यूशन (पीव्हीसी चिकटवायचा डिंक) लावलेले शंभर सांधे. पंचायतीच्या टाकीतलं पाणी घराच्या जोत्यापेक्षा साधारण सहा मीटर उंच, आणि आजींची 500 लिटरची टाकी जोत्यापासून चार मीटरवर. म्हणजे हातात उरला दोन मीटरचा दाब. पाणी पाऊण तास यायचं. तेवढ्यात टाकीत दीडशे लिटरसुद्धा जमेना. आजी रागावल्या नाहीत. "हंडे कमी झाले नाहीत रे बाबांनो," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री आम्हा दोघांना जेवण गेलं नाही.

मग हिशेब शिकलो. मिनिटाला 10 लिटर पाणी अर्ध्या इंची नळीतून 300 मीटर न्यायला सुमारे 18 मीटर उंचीचा दाब खर्ची पडतो. तेच पाणी 32 मिमी एचडीपीईतून, म्हणजे वेटोळ्यात मिळणाऱ्या काळ्या, लवचीक प्लास्टिक नळीतून, दीड मीटरच्या आसपास भागतं. नळीचा व्यास थोडा वाढला की घर्षण कितीतरी पटींनी उतरतं. गिऱ्हाइकाला हे पटायला वेळ लागतो. त्यात मापाचा घोळ: जीआयचा इंच आतल्या भोकाचा, एचडीपीईचे 32 मिमी बाहेरून मोजलेले.

आजींची लाइन आम्ही स्वखर्चाने बदलली. शंभर-शंभर मीटरची तीन वेटोळी, मधे फक्त दोन सांधे. तरी पुन्हा चुकलो. मे महिन्याची भर दुपार, काळी नळी हात लावू देत नव्हती, आणि आम्ही ती चरात सरळ ताणून दोन्ही टोकं जोडून टाकली. संध्याकाळी थंड पाणी आलं, नळी आखडली आणि एक सांधा फिटिंगमधून निसटला. 25 अंशांचा फरक पडला तर एवढी लांबी मीटरभर तरी आटते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून नळी चरात नागमोडी सोडतो, खाली जांभ्याचे खडे राहू नयेत म्हणून मऊ मातीचा थर देतो, आणि शेवटचा सांधा सकाळी, नळी थंड असताना जोडतो.

सांध्याबाबत मी हाताखालच्या पोरांना सूट देत नाही. एचडीपीईला सोल्यूशन चिकटत नाही. नट आवळून नळी धरणारं कॉम्प्रेशन फिटिंग घ्यायचं, नाहीतर टोकं वितळवून वेल्डिंग करायचं. टोक काटकोनात कापायचं, कड तासायची, किती आत जायला हवं तिथे खूण करायची आणि रबर रिंग ओलांडून खुणेपर्यंत ढकलायचं. घाईत ढकलायचं अर्धवट राहतं, मग गळती तिथेच. टेफ्लॉन फक्त आट्यांना. नळीच्या बाजूला नाही. चर बुजवण्याआधी पाणी सोडून प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवायचा.

आणि काळ्या नळीवरच्या निळ्या पट्ट्या बघून नळी घेऊ नका. पट्ट्या कुणीही मारतो. आयएस 4984 चा (पाण्याच्या एचडीपीई नळ्यांच्या भारतीय मानकाचा) शिक्का आणि दाबाचा वर्ग, म्हणजे नळी किती दाब सोसते ते, वाचून घ्या.

आज आम्ही सहा जण आहोत, बट वेल्डिंगचं (नळीची टोकं वितळवून एकमेकांना जोडायचं) स्वतःचं मशीन आहे. 2019 साली जल जीवन मिशन सुरू झाल्यानंतर नळजोडणीची कामं वाढली, तरी लांबच्या लाइनीला अर्धा इंच टाका म्हणणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.

मागच्या वर्षी आजींच्या नातवाने शेजारी घर बांधलं. त्याच लाइनीवर टी (फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड) टाकली. कापून काढलेला तुकडा आतून स्वच्छ निघाला. तो आता दुकानात टेबलावर असतो, शेजारी अर्ध्या इंचाचा तुकडा. गिऱ्हाईक आलं की आधी दोन्ही त्याच्या हातात देतो, मग घर रस्त्यापासून किती लांब आहे ते विचारतो.