एचओ वाफेचं इंजिन, नोंद ३: फुसकारा जुळला, धूर अजून हट्टी

मॉडेल रेल्वेतलं इंजिन तेच: एचओ म्हणजे १:८७ माप, दोन सिलिंडर, डीसीसी (रुळातून अंकी आज्ञा देण्याची पद्धत) साउंड डिकोडर, म्हणजे त्या आज्ञा वाचून मोटर आणि आवाज चालवणारी चकती, स्पीकर टेंडरमध्ये (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा), धुराड्यात साधी तापणारी धूरकांडी, म्हणजे द्रव तापवून धूर काढणारी नळी.

दोन सिलिंडर आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे (वापरलेली वाफ धुराड्यातून निघतानाचा आवाज). तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँक १२० अंशांवर असले की सहा. मूळचं दीड मीटर व्यासाचं चाक या मापात १७.२ मिमी होतं, परीघ ५४ मिमी. म्हणजे दर साडेतेरा मिलिमीटरला एक फुसकारा. रुळाशेजारी ५४ सेंटिमीटरवर दोन खुणा करून सर्वांत मंद वेगात मोजायचं. चाळीस भरले पाहिजेत.

लोकसाउंड डिकोडरमध्ये सीव्ही (सेटिंगचे क्रमांकित कप्पे) ५७ आणि ५८ यांवर हे बसवता येतं (इतर डिकोडरांत क्रमांक वेगळे). सपाटीवर जमतंही, पण ते शेवटी अंदाजाचं गणित. चाक प्रत्यक्षात कुठे आहे हे डिकोडरला माहीत नसतं. म्हणून चालक आसावर (इंजिन ओढणाऱ्या मोठ्या चाकांच्या) चार बारीक चुंबक ९० अंशांवर आणि चासीला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की इशारा देणारा. साधा हॉल सेन्सर एकाच ध्रुवाला दाद देतो. एक चुंबक उलटा चिकटला की तीन फुसकारे आणि एक खाडा, इंजिन लंगडल्यासारखं वाटतं. सेन्सर टेंडरच्या आसावर बसवणं सोपं, पण तिथली चाकं लहान, त्यामुळे हिशेबच चुकतो.

मूळ इंजिनाच्या ताशी ६० किमीशी मापानं जुळणाऱ्या वेगाला सेकंदाला सुमारे १४ फुसकारे होतात. फुसकाऱ्याच्या रेकॉर्ड केलेल्या नमुन्याची शेपटी लांब असेल तर नुसती घरघर उरते; शेपटी कापली.

स्पीकर ११×१५ मिमी, ८ ओहम. मागची पेटी हवाबंद नसेल तर पुढची-मागची लहर एकमेकींना खाते आणि आवाज डबा वाजवल्यासारखा येतो. तारेचं भोक गोंदानं बुजवलं, तेवढ्यानंच फरक पडला. सीव्ही ६३ (एकूण आवाजाची पातळी) सुमारे ६५ वर ठेवला आहे. एवढ्याशा इंजिनातून खोली भरणारा आवाज आला की मॉडेल खेळणं वाटू लागतं.

आता धूर. द्रव नळीच्या निम्म्यापर्यंतच. जास्त भरला तर कांडी आधी तो तापवत बसते, मग तेल उडवते. ते रुळावर पडलं की चाकं घसरतात, वीज तुटते आणि आवाजही अडखळतो. रूळ आयसोप्रोपिलनं पुसावा. कोरडी तापवली तर कांडी जळते. नळीत बुडबुडा अडकून धूर थांबला तर हलकी फुंकर पुरे. आत टाचणी घालू नये, बारीक तार तुटते. कांडीचं धातूचं कवच हेच विजेचं एक टोक असेल तर ते चासीपासून तोडूनच जोडावं, नाहीतर डिकोडर जाण्याची भीती. प्लॅस्टिकचं धुराडं मऊ पडू नये म्हणून आत पितळी नळी बसवली आहे. कांडी १४ व्होल्टला १४० मिलिअँपिअर खाते, सुमारे २ वॅट. म्हणून स्टे-अलाइव्हचा (रुळाची वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) कपॅसिटर असला तरी धूर चालू असताना त्याचा भरवसा नाही.

एवढं करूनही धूर संथ, सरळ रेषेत निघतो, उदबत्तीसारखा. चाक फुसकारतंय आणि धुराडं ढिम्म, हे डोळ्यांना लगेच खटकतं. पुढे पंख्याची कांडी: पंखा त्याच सेन्सरच्या इशाऱ्यावर झटका देईल आणि लगेच ब्रेक लागून थांबेल, नाहीतर झटके एकमेकांत मिसळतात. रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारी झडप) बंद असताना पंखा थांबवून फक्त दांड्यांचा खडखडाट ठेवायचा आहे. त्यासाठी हीटर आणि पंख्याला वेगळी आउटपुट लागतील. डिकोडरवर दोन मोकळी आहेत, पण हीटरचा भार त्यांच्या मर्यादेत बसतो का हे मीटर लावून आधी बघायचं आहे.