तुम्ही विचारलंत म्हणून: पेलिकनच्या झोळीत काय असतं?

"त्या झोळीत तो मासे साठवून ठेवतो ना हो?" पुण्या-साताऱ्याहून कुणी बंगळुरात आमच्याकडे आलं आणि मी त्यांना सकाळी मडिवाळा तलावावर नेलं, की काठावर उभं राहताच हा प्रश्न येतो. नातवंडं विचारतात, आजोबाही विचारतात. उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण नुसतं नाही म्हटलं की कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा नीट लिहिते.

इथे दिसतो तो ठिपकेदार चोचीचा झोळीवाला, शास्त्रीय नाव पेलेकॅनस फिलिपेन्सिस. वजन चार ते सहा किलो, अंग राखी-पांढरं, मानेमागे विस्कटलेली शेंडी, चोचीच्या वरच्या कडेने निळसर ठिपक्यांची रांग. गुजरातेत हिवाळ्यात पांढऱ्याशुभ्र, काळ्या किनारीच्या पंखांचे थवे येतात, तो मोठा पांढरा पेलिकन वेगळा. आपल्या या पक्ष्याला ना तसा गोरेपणा ना तसा थाट. बहुतेक वेळा एकटा किंवा दोघं-चौघं मिळून मुकाट मासेमारी करतो. मला हाच जास्त आवडतो, हे सांगून टाकते.

आता झोळी. खालच्या चोचीची दोन हाडं बारीक आणि लवचिक असतात. चोच पाण्यात घुसली की ती दोन्हीकडे बाहेर वाकतात, अरुंद चोचीचं रुंद तोंड होतं आणि कातडं ताणून पाण्याने भरतं. काठीला बांधलेली जाळी ओढ्यात खुपसावी तसा हा प्रकार. फरक इतकाच, की या जाळीला भोकं नाहीत. त्यामुळे आत आलेलं पाणी बाहेर काढणं हे मासा पकडण्याइतकंच मोठं काम. पक्षी चोच छातीशी टेकवतो, झोळी आवळतो, मिटल्या चोचीच्या कडांतून पाणी गळून जातं. मग मान वर, चोच आभाळाकडे आणि मासा घशात. जीभ असून नसल्यासारखी, अगदी इवलीशी. मोठी असती तर गिळताना तीच आडवी आली असती.

म्हणजे फोटोत टम्म फुगलेली झोळी दिसते, तेव्हा तिच्यात बहुतेक पाणीच असतं. ते पाणी घेऊन त्याला उडता येत नाही. उडताना झोळी रिकामी, आखडलेली आणि मान मागे मुडपून चोच गळ्यावर टेकवलेली.

बुडी मारणंही याला जमत नाही. कातडीखाली हवेच्या पिशव्या असल्याने तो पाण्यावर बुचासारखा तरंगतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा तपकिरी पेलिकन उंचावरून पाण्यात सूर मारतो, पण हा तसा नाही. चोच पोहोचेल तेवढ्यातच जे मिळेल ते. म्हणून त्याला उथळ, मासळीने भरलेले तलाव लागतात. दक्षिणेतले जुने तलाव या कामी उत्तम.

"मग पिल्लांना मासे नेतो कशातून?" हा पुढचा प्रश्न. पोटातून. घरट्यावर परतल्यावर ओकून भरवतो. अगदी लहान पिल्लाला पातळ, अर्धवट पचलेलं. मोठं झालेलं पिल्लू मात्र डोकं थेट आईबापाच्या घशात खुपसतं, मानेपर्यंत आत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, आता हा त्याला गिळतोय. साठवणीचा गैरसमजही मला वाटतं इथूनच निघाला असावा, कारण लांबून पाहिलं तर पिल्लू झोळीतून काहीतरी उचलतंय असंच दिसतं.

अंडी तीन-चार, उबवायला महिनाभर आणि मग पिल्लं तीन ते पाच महिने घरट्यात. तेवढे महिने आईबापांना तलाव ते झाड खेपा. ऊन तापलं की गरम हवेच्या झोतावर घिरट्या घेत उंच जायचं आणि तिथून तरंगत लांब निघायचं, म्हणजे पंख कमी मारावे लागतात. तरी उंच झाड, उडत जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर मासे आणि उन्हाळ्यापर्यंत टिकणारं पाणी, तिन्ही हवंच. यातलं एक तुटलं तरी घरट्यांची वसाहत उठते. ब्रह्मदेशात सितांग नदीकाठी १८७७ साली ओट्स या इंग्रज पक्षीअभ्यासकाने 'लाखो' पेलिकन असल्याची नोंद केली होती; १९२९ सालीही ते हजारोंनी घरटी करत होते, आणि पुढच्या दशका-दोन दशकांत ती वसाहत संपली. आंध्रातल्या कोल्लेरू सरोवराजवळ पक्षीअभ्यासक के. के. नीलकंठन यांना १९४६ साली जवळपास तीन हजार पेलिकनांची वसाहत सापडली. तीही १९७५च्या सुमारास नाहीशी झाली. ज्या फिलिपिन्सचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात आहे, तिथे तर तो उरलेलाच नाही.

टिकला तो कुठे, तर कोक्करेबेल्लूरसारख्या गावांत. बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर मद्दूरच्या अलीकडे आत वळलं की हे गाव येतं. घरांच्या मधोमध चिंचेच्या झाडांवर पेलिकन आणि चित्रबलाक (रंगीत करकोचा) शेजारी-शेजारी घरटी करतात. हे पक्षी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी, असं गावकरी मानतात. प्लेगच्या वेळी गाव हललं तेव्हा पक्षीही मागोमाग आले, असंही सांगतात. भावनेसोबत व्यवहारही आहे. झाडाखाली तळ्यातला गाळ पसरायचा, त्यात विष्ठा पडू द्यायची, पावसाआधी ते खत शेतात. पक्षी बसले की चिंच मात्र हातची जाते, म्हणून वनखातं झाडाच्या मालकाला भरपाई देतं. नुसत्या मायेवर एवढी वर्षं निभली नसती, असं माझं मत. २००७ साली हे गाव सामुदायिक राखीव क्षेत्र झालं.

२०१७-१८च्या हंगामात तिथे डझनावारी पेलिकन मेले. तपासणीत पोटात जंत सापडले, माशांतून आलेले. मासा कुठल्या पाण्यातला, हे इतकं महत्त्वाचं ठरतं.

"आपल्याकडे दिसेल का?" असंही विचारतात. महाराष्ट्रात हा क्वचितचा पाहुणा. त्याचा सोबती चित्रबलाक मात्र भिगवणजवळ भादलवाडीला घरटी करतो, तो जाऊन बघा. आणि पेलिकनच बघायचा असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये इकडे कोक्करेबेल्लूरला या, दुर्बीण आणि टोपी घेऊन. झाडाच्या थेट खाली मात्र उभं राहू नका, वरून विष्ठा पडते आणि कधी कधी अख्खा मासाही. दुपारी एखादा पक्षी चोच उघडी टाकून झोळी थरथरवताना दिसला तर आजारी आहे म्हणून हळहळू नका. त्याला घाम येत नाही. झोळी हलवून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतोय.