कामावरून सुटल्यानंतरची मुंबई

रविवार, रात्र

पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ पाहिल्यापासून छाया कदमची पार्वती डोक्यातून जात नाहीये. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, नवऱ्यामागे एकटी राहणारी बाई. बिल्डरला तिची खोली हवी आहे आणि इतकी वर्षं राहूनही ती खोली तिची असल्याचा कागद तिच्याकडे नाही. मग ती आणि प्रभा नर्स मिळून बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. त्याने प्रश्न सुटत नाही, पार्वतीला रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतावंच लागतं. पण तो दगड मारताना छाया कदमच्या अंगात जी पोरसवदा उमेद येते, तिच्यासाठी मी हा सिनेमा परत बघेन. २०२४ साली कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री पुरस्कार मिळाला, ते योग्यच झालं. कोकणात गेल्यावर मात्र पकड जरा सुटते असं मला वाटलं. किनाऱ्यावर वाहून आलेल्या माणसाचा प्रसंग सुंदर आहे, पण तो आधीच्या लोकल आणि पावसाच्या मुंबईशी नीट जुळत नाही.

त्याच ओढीने चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ काढला. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून शास्त्रीय गाणं शिकणारा शरद बाइकवर निघालाय, कानात तानपुरा आणि त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचं ध्वनिमुद्रित बोलणं. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. त्या आवाजात इतकी खात्री आहे की शरदचं आयुष्य त्याच्यामागे का वाहून जातं हे वेगळं सांगावं लागत नाही. शरदच्या भूमिकेतला आदित्य मोडक स्वतः गायक आहे, त्यामुळे गाणं कमी पडतं तेव्हा ते त्याच्या चेहऱ्यावर आधी दिसतं. संगीतावरच्या सिनेमात हे मी फार क्वचित पाहिलंय.

आणि आज ताम्हाणेचाच ‘कोर्ट’, पुन्हा. एका सफाई कामगाराच्या मृत्यूसाठी लोकशाहिराला जबाबदार धरणारा खटला. पण मला ताम्हाणे आवडतो तो कोर्ट सुटल्यावर माणसांच्या मागे जातो म्हणून. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील लोकलने घरी येते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. तिला खलनायिका करणं किती सोपं होतं! तसं न केल्यामुळेच कोर्टातलं तिचं सपाट आवाजात कलमं वाचणं जास्त बोचतं. मृत कामगाराच्या बायकोची साक्ष तर ऐकवत नाही. गटारात उतरण्याआधी तो दगड टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. ती हे रोजचं काम सांगावं तसं सांगते, आणि कोर्टाचं कामकाज पुढे सरकतं.

कोर्टाला सुटी लागते, दालनातले दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. सिनेमा तिथेच संपायला हवा होता, असं म्हणणारे बरेच भेटले. मला हे अजिबात पटत नाही. पुढच्या रिसॉर्टमधल्या सहलीत न्यायाधीश महाशय एका नातेवाइकाला, नीट बोलता न येणाऱ्या मुलासाठी, नाव बदलायचा आणि खड्याची अंगठी घालायचा सल्ला देतात. शाहिराचा जामीन याच माणसाने नाकारलाय. तो रिसॉर्टचा प्रसंग कापला असता, तर हा माणूस आपल्याला फक्त खुर्चीत बसलेला दिसला असता, आणि खुर्चीत सगळेच शहाणे दिसतात.

आता ‘साबर बोंडं’ बघायचाय. आईचं काम करणाऱ्या जयश्री जगताप यांच्याबद्दल फार चांगलं ऐकलंय.