"कूल, आजी!"

सकाळी लेकीने आजीला, म्हणजे माझ्या आईला, विचारलं, "शनिवारी आमच्या कार्यक्रमाला येणार ना?" आई म्हणाली, "गुडघे फार दुखतायत गं, शाळेचे जिने नाही चढवत." लेक म्हणाली, "कूल, आजी!" आणि स्कूलबस पकडायला पळाली.

आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी माठावरचं फडकं ओलं करून पुन्हा गुंडाळताना हळूच म्हणाली, "मी येत नाही म्हटल्यावर पोरीला बरंच वाटलं का रे?"

काळजात चर्र झालं. तिला म्हटलं, अगं, ते 'ठीक आहे, काळजी करू नकोस' असं होतं. पण तिचंही बरोबरच. 'कूल'चा मूळ अर्थ गारच. त्यावरून शांत, अलिप्त, मग झकास, आणि आता नुसतं 'बरं'. 1930-40च्या दशकांत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जॅझ कलावंतांनी हा शब्द आपलासा केला. तो रुळवण्याचं श्रेय बऱ्याचदा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगला देतात. पावलोपावली अपमान होत असताना चेहऱ्यावर काही दिसू न देणं, हे त्यांचं कूल. ते वाचल्यापासून मला हा शब्द उथळ वाटत नाही.

आपल्याकडे तरी काय वेगळं? डोकं थंड ठेव म्हणजे शहाणपण, थंडा प्रतिसाद म्हणजे नाराजी, आणि माठातलं पाणी प्यायलं की जीव गार होतो.

रात्री लेकीला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. तेलाची वाटी कोमट करून घेतली आणि आजीच्या पायाशी जाऊन बसली.