पुणे ते वेंगुर्ला, नाक चोंदलेल्या गाडीतून

निघायच्या तीन दिवस आधी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सायलेन्सरसारखं चित्र आणि त्याच्या पोटात ठिपके. मॅन्युअल काढून पाहिलं तर तो डीपीएफचा दिवा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. वर्कशॉपमध्ये फोन केला तर पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. वेंगुर्ल्याचं घर बुक, सासरे आणि मेव्हण्याचं कुटुंब तयार. आम्ही निघालो.

गाडी २०२१ ची, डिझेल, मॅन्युअल गिअर, सात जणांची. वर्षातले अकरा महिने ती कोथरूडमध्ये फिरते: शाळा, भाजी, ऑफिस. एका फेरीला चार-पाच किलोमीटर. ही गाडी घाटात बिघडत नाही, ती कोथरूडमध्येच बिघडते; घाटात फक्त ते कळतं. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत हा फिल्टर असतोच. त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल सोडून धूर साधारण ६०० अंशांपर्यंत तापवते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं न थांबता, बऱ्या वेगाने धावायला मिळावं लागतं. कर्वे रोडवर ते मिळणार कुठून?

पहाटे पाचला निघालो. माझा हिशोब सोपा होता: हायवेला लागलं की साताऱ्यापर्यंत दिवा जाईल. खंबाटकीनंतर गाडीने काम सुरू केल्याचं जाणवलंही. ॲव्हरेजचा आकडा १५ वरून ९ वर आला आणि इंजिनचा आवाज जरा जड झाला. नेमका आनेवाडीचा टोल आला. सातारा ओलांडल्यावर सहापदरीकरणाची कामं: दर थोड्या अंतरावर गाडी सर्व्हिस रोडला उतरवायची, ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरमध्ये रांगायचं, पुन्हा वर चढायचं. काजळी जळणं सुरू व्हायचं आणि तुटायचं. कोल्हापुरात जेवायला थांबलो तेव्हा गाडी बंद करूनही पंखा घोंघावत होता. पंखा तसाच फिरत असेल आणि गरम वास येत असेल तर समजायचं, काम अर्धवट राहिलंय. अशा वेळी शक्य असेल तर आणखी दहा मिनिटं गाडी चालवा, मग जेवा. मी पांढऱ्या रश्श्याला बळी पडलो.

आंबोलीला जायला निपाणीहून उत्तूरमार्गे वळणारे बरेच असतात. आम्ही वळलो नाही. कागलच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला होता, तो सोडवेना. तसेच तवंदी घाट ओलांडून संकेश्वरपर्यंत गेलो. चौथा गिअर, ८० चा वेग, आरपीएम दोन हजारांच्या वर. पाचवा-सहावा गिअर टाकला की आरपीएम पडतो आणि धूर हवा तेवढा तापत नाही, म्हणून मुद्दाम खालचा. संकेश्वरच्या अलीकडे दिवा विझला. सासरे, म्हणजे आमचे बाबा, मागून म्हणाले, "जावईबापू, दिव्यासाठी किती लांबचा रस्ता घेतलात?" फार नाही. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरा, आंबोली हा रस्ता तसाही वाईट नाही. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला, म्हणजे बाबांचीही तक्रार मिटली.

गडहिंग्लजच्या पुढे मात्र माझी अक्कल निघाली. मुलांना उतरायचं होतं म्हणून गाडी कडेला घेतली. डिसेंबर म्हणजे उसाचा हंगाम, कडेला पाचटाचा हा थर. शेतातून एक म्हातारे ओरडतच आले: "ओ पावणं, गाडी फुडं घ्या! पाचाट हाय खाली, पेटंल!" नुकतीच काजळी जाळलेली गाडी, खाली तापलेला पाइप, वर वाळका पाला. मला इंजिनिअर म्हणवून घ्यायची लाज वाटली. कोकणातल्या सड्यावरच्या वाळक्या गवतालाही हेच लागू. फोटोसाठी गाडी तिथे घालू नका.

आणखी एक, याच पट्ट्यातलं. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात आणि कित्येकांच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधार पडायच्या आत आजरा ओलांडायचाच, असं आम्ही ठरवलं होतं आणि ते पाळलं.

आंबोलीत रात्री मुक्काम केला. सकाळी हिरण्यकेशीला जायला निघालो तर टायर प्रेशरचा दिवा. पंक्चर नव्हतं. हवा पुण्यात भरदुपारी, तापलेल्या टायरात भरली होती. तापमान पाच-सहा अंश उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो आणि आंबोलीची पहाट चांगलीच गार होती. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत असतं, आणि गाडी पूर्ण भरलेली असेल तर आकडा वेगळा असतो. माझ्या गाडीत मागच्या टायरांना चार पीएसआय जास्त लागतात, हे मला तीन वर्षांनी कळलं.

घाट उतरताना स्टीअरिंग मेव्हण्याकडे होतं. तो शहरातला चांगला ड्रायव्हर आहे, म्हणजे सतत ब्रेकवर पाय. माणसं आणि सामान धरून सव्वादोन टनांची गाडी चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर तोलत उतरवत होता. मोठ्या धबधब्याच्या अलीकडे करपल्याचा वास आला आणि तो म्हणाला, "पेडल मऊ लागतंय रे." तिथेच गाडी बाजूला घेतली.

इथे चुका होतात त्या थांबल्यावर. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायचं नाही, ती वाकडी होते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टीअरिंग थरथरतं. हँडब्रेकही करकचून ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाला दगड लावायचा आणि अर्धा तास चहा प्यायचा. सनरूफ बंद करायचं, कारण तिथली माकडं बिस्किटाच्या पुड्यासाठी आत शिरतात. पुढचा घाट मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरवला. चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला टाका. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला शेजारी बसवा, स्टीअरिंग देऊ नका.

तरी मनात शंका होती म्हणून सावंतवाडीत एका मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पॅड पाहिले, ठीक होते. मग न विचारता बॉनेट उघडून ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. मी म्हटलं, मी तर भरलेलं नाही. म्हणाले, "हिका काय एक झाला नाय. हिचा नाक चोंदला हा. शहरात चार चार किलोमीटर फिरवतास आणि मगे म्हणतास गाडयेक दम लागता."

या प्रवासातलं सगळ्यात उपयोगी ज्ञान ते हेच. काजळी जळणं दर वेळी अर्धवट तुटलं की जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल वाढतं आणि पातळ होतं. कमी झालेल्या ऑइलची भीती सगळ्यांना असते, वाढलेल्याची कुणालाच नाही. पट्टीवर पातळी वर सरकत असेल, बोटांना डिझेलचा वास येत असेल तर सर्व्हिसची तारीख येईपर्यंत थांबू नका. माझ्या गाडीला मॅन्युअलप्रमाणे सी-३ दर्जाचं, कमी राख होणारं ऑइल लागतं. साधं घातलं तर त्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती जळतच नाही. तसं ऑइल कुडाळला मिळालं. ऑइल फिल्टरसकट साडेपाच हजार आणि अर्धा दिवस गेला.

वेंगुर्ल्याचे तीन दिवस छान गेले, त्याबद्दल वेगळं काय सांगायचं. फक्त सागरेश्वरला मी किल्ली खिशात ठेवून पाण्यात शिरलो. दुसरी किल्ली पुण्यात, कपाटात. रिमोट मेला. किल्लीच्या पोटात एक लहानशी लोखंडी किल्ली लपवलेली असते, तिने दार उघडलं, तर अलार्म सुरू आणि निम्मी वाडी गोळा. बहुतेक बटणवाल्या गाड्यांत मेलेली किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून ते दाबलं की गाडी सुरू होते; सेल संपला तरी आतली चिप चालते. आमची झाली. सुरू झालेली गाडी मात्र घरी पोचेपर्यंत बंद करायचं धाडस कुणी केलं नाही.

परतीला कुडाळ ते कणकवली हा चौपदरी काँक्रीटचा रस्ता लागतो. फिल्टरच्या दृष्टीने सोन्यासारखा. तिथून फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. फोंडा सकाळीच चढा. वर दाजीपूरच्या जंगलात गव्यांचा वावर आहे आणि संध्याकाळी वळणावर एक टनाचा काळा प्राणी हेडलाइटमध्येही उशिरा दिसतो.

डीपीएफचा दिवा नुसता पिवळा असेल तर चालवत राहा. तो लुकलुकायला लागला किंवा सोबत इंजिनचा दिवा आला आणि गाडीने ओढणं सोडलं, तर हायवेचे हे उपाय विसरा आणि स्कॅनर असलेल्या माणसाकडे न्या. आणि रोजचं धावणं माझ्यासारखं चार-पाच किलोमीटरचं असेल तर पेट्रोल घ्या. डिझेलच्या ओढीचं मलाही कौतुक आहे, पण ती ओढ शाळेच्या रांगेत काय कामाची?

तोवर दर दुसऱ्या रविवारी सकाळी मी गाडी घेऊन शिरवळपर्यंत जाऊन येतो, चौथ्या गिअरमध्ये. निघताना पट्टी बघतो. बाबा पुढच्या सीटवर असतात. फिल्टरशी त्यांना देणंघेणं नाही, ते मिसळीसाठी येतात.