वीस आशा ताई आणि मी

गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख ठेवणारी, म्हणून नेमणूक झाली तेव्हा सासरच्यांना वाटलं, सूनबाई साहेब झाली. प्रत्यक्षात माझ्या हातात काहीच नव्हतं. आशा म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती; तिची निवड ग्रामसभेत होते, मोबदला तालुक्यावरून निघतो, कामाचे आदेश प्राथमिक आरोग्य केंद्रातून येतात. रजा मी देत नाही, पैसे मी कापत नाही. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडचा डोंगराळ पट्टा, पाडे लांब लांब, आणि गटात वीसेक बाया. त्यांतल्या निम्म्या माझ्याहून मोठ्या. काही जणी तर २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर पहिल्या फळीत आलेल्या. मी पदवीधर, एवढ्यावरच त्यांच्या वर बसलेली. “तुम्ही सांगा मॅडम, आम्ही करतो,” असं म्हणायच्या आणि आपल्याच पद्धतीनं करायच्या.

माझ्याकडे एकच गोष्ट होती, दौरा. गावात जायचं, रजिस्टर बघायचं, सही करायची, पुढची जीप पकडायची, अशी रीत पडलेली होती. मी सही करायच्या आधी विचारायला लागले, “मागच्या महिन्याचे पैसे पूर्ण आले का?” हा प्रश्न कुणी विचारतच नव्हतं. उत्तरं मात्र भरपूर निघाली.

सगळ्यात जास्त अडकायचे ते नवजात बाळाच्या गृहभेटींचे पैसे. बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. त्या पूर्ण झाल्यावर २५० रुपये. त्यालाही अटी: कार्डावर वजन हवं, जन्मनोंद हवी, सुरुवातीच्या लसी झालेल्या हव्यात. यातलं एक राहिलं की फॉर्म परत. ओढा ओलांडून सहा वेळा गेलेल्या बाईला “तुमचं बसत नाही” असं ऐकवलं, तर सातव्या कामाला ती का हलेल?

मग मी फॉर्म जमा करायच्या आधीच्या आठवड्यात उपकेंद्रात ठाण मांडायला लागले. आरोग्यसेविका ताईंकडचं लसीकरणाचं रजिस्टर एका बाजूला, आशांचे फॉर्म दुसऱ्या बाजूला. तारखा जुळवायच्या, राहिलेली नोंद तिथेच मागायची, प्रत्येक फॉर्मचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. कपात झाली की तो फोटो घेऊन तालुक्याला जायचं. तिथे आवाज चढवून उपयोग नसतो. तारीख दाखवली की काम होतं. दोन-तीनदा अडकलेले पैसे सुटले आणि माझा फोन पहिल्या रिंगला उचलला जायला लागला. प्रभाव, नेतृत्व वगैरे प्रशिक्षणात ऐकलेले शब्द मला इथे पहिल्यांदा खरे वाटले.

खरं भांडण होतं ते माहेरचं. आमच्याकडे पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशानं केलेली, नऊ महिने गोळ्या तिनं पोचवलेल्या, आणि बाळंतपणानंतरच्या भेटी माहेरच्या आशाच्या हद्दीत. सासरची म्हणणार, माझी माता पळवली. माहेरची म्हणणार, मला कुणी कळवलंच नाही. दोघींच्या भांडणात तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट कुणाचीच होत नसे, आणि नेमके तेच दिवस बाळाच्या जिवावरचे. एका सभेत दोघी हमरीतुमरीवर आल्या. त्या दिवशी मी निकाल दिला नाही. मी सांगितलं असतं तर एक दुखावली असती आणि दुसरी पुढच्या वेळी पुन्हा मलाच पंच करून मोकळी झाली असती. चहा मागवला आणि सगळ्यांना म्हटलं, नियम तुम्हीच करा, मी लिहून घेते.

तासाभरानं ठरलं ते असं: ज्या दिवशी भेट ज्या गावात, त्या दिवसाची नोंद त्याच गावच्या आशाची. माता सासर सोडून निघाली की त्याच संध्याकाळी सासरच्या आशानं ग्रुपवर टाकायचं: कार्डाचा फोटो, अंदाजे तारीख, जोखमीची असेल तर तेही. सहा भेटी दोघींत वाटल्या गेल्या तर पैशांचं आपसांत मिटवायचं, तक्रार वर न्यायची नाही. हा शेवटचा भाग मला सुचलाच नसता. कागदावर तो बसतही नाही, पण आजवर मोडलेला नाही.

याच ग्रुपचा पुढे द्राक्षांच्या हंगामात उपयोग झाला. भात-नागली निघाली की आमची कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे बागांच्या कामाला जातात, तान्ही बाळं सोबत. तिकडच्या गटप्रवर्तक ताईंचा नंबर मिळवला आणि यादी पाठवायला लागले. सगळी बाळं सापडतात असं नाही. मळ्यातली झोपडी शोधणं त्यांनाही सोपं नसतं.

शिकवण्याचं मात्र अवघड होतं. नवजात बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे असतात, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. गटातल्या सगळ्यात जुन्या मावशी अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायच्या. वीस बायांदेखत त्यांना चूक म्हणणं म्हणजे गट गमावणं. मी त्यांनाच विनंती केली, नव्या तिघींना तुम्ही शिकवा, घड्याळ मी धरते. शिकवताना पुस्तक उघडावं लागलं, मी “थांबा” म्हणेपर्यंत मोजावं लागलं. त्यानंतर मावशी पूर्ण मिनिट मोजतात आणि कुणी घाई केली की तिला खडसावतात.

त्याच सुमारास मी सभेत गडचिरोलीचं सांगितलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं नव्वदच्या दशकात तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला होता, आणि ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपण भरतो तो गृहभेटीचा फॉर्म त्या कामातून आलाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. “म्हणजे आपल्यासारख्या बायांनीच केलं होय,” असं मागून कुणीतरी म्हणालं.

वरच्यांनाही हलवावं लागतं. मासिक आढाव्यात सगळ्यात कमी आकडा असलेल्या गावाचं नाव मोठ्यानं वाचायची पद्धत होती. ज्या बाईचं नाव यायचं ती पुढच्या महिन्यात आकडा वाढवून आणायची, कामाचं काय ते देव जाणे. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सभेच्या आदल्या दिवशी एक पान द्यायला लागले: कोणत्या गावात भेटी का राहिल्या. माहेरी, स्थलांतर, वजनकाट्याची स्प्रिंग गेलेली, आशा स्वतः आजारी. काटा नादुरुस्त असल्याचं वाचल्यावर डॉक्टर नाव घेऊन कुणाला रागावणार? वाचन आपोआप बंद पडलं. डॉक्टर समजूतदार होते, हेही खरं. दुसरे असते तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

२०२३ च्या संपात आशा आणि गटप्रवर्तक दोघी उतरलो होतो. “तुमचं ऐकतात, तुम्ही त्यांना कामावर पाठवा,” असा निरोप आला. ऐकतात म्हणून तर पाठवू शकत नव्हते. मीही त्यांच्याच रांगेत बसले होते.

एवढं करूनही एक चांगली मुलगी यंदा सोडून गेली. नाशिकला कंपनीत लागली, महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार. समजूत घालायला म्हणून मी तिच्या घरी गेले. तिनं वहीत मांडलेला हिशेब दाखवला आणि मी चहा पिऊन परतले. तिचं गाव सध्या शेजारची ताई सांभाळते. नव्या निवडीची ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. दोन नावं आलीत. एक बारावी झालेली, सरपंचांच्या नात्यातली. दुसरी आठवी पास, पण पाड्यावरचं एकही घर तिला अनोळखी नाही. मत द्यायचा अधिकार मला नाही; सभेला जाऊन बसणार आहे.