मिरचीचं बी आणि हीट मॅट

मिरचीचं बी घरात कसं रुजवायचं याचे व्हिडिओ बघायला बसा, पहिल्या दोन मिनिटांत हीट मॅट येतेच. ट्रेखाली ठेवायची विजेची गरम चटई, कारण या बियांना 25 ते 30 डिग्री ऊब लागते. थंड देशातल्या लोकांचं ठीक आहे हो, आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात पंख्याखाली बसून माणूस सुद्धा रुजेल! डिसेंबरात जरा गारवा आला की डबा फ्रिजवर नाहीतर सेटटॉप बॉक्सवर ठेवायचा, झालं काम. फक्त एसीच्या खोलीत नको.

बी पण विकत आणायला नको. मसाल्यासाठी आणलेल्या ब्याडगीतलं चालतं, हिरव्या मिरचीतलं मात्र कच्चं असतं. तिखटपणा खरं तर बियांमध्ये नसतो, त्या ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो, पण हे ज्ञान डोळ्याला हात लागल्यावर काही कामाचं नाही. रात्रभर पाण्यात भिजवायचं, मग ओलसर टिश्यूत गुंडाळून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. ओलसर म्हणजे ओलसरच, आपल्याकडे बी थंडीने नाही, बुरशीने जातं. साधी मिरची आठवड्या-दोन आठवड्यांत मोड काढते, भूत जोलोकियासारख्या जहाल मिरचीचे नखरे महिनाभर सुद्धा चालतात.

मोड मातीत लावला की आधी कमरेत वाकलेला देठ वर येतो आणि मग डोकं, कधी कधी त्यावर बियांचं साल टोपीसारखं अडकलेलं, आतली दोन पानं मिटलेलीच. ते ओढायचा फार मोह होतो, पण पाण्याचा थेंब सोडून नरम होऊ द्यावं, नाहीतर पानंच हातात येतात. आता मात्र ऊन हवं, आणि आमच्या ग्रिलमध्ये समोरच्या टॉवरच्या कृपेने ते दहापर्यंतच असतं, वर कबुतरं. पोर्तुगीजांनी मिरची आणली, 1737 साली मराठ्यांनी त्यांच्याकडून ठाणं घेतलं, मिरची मात्र परत केली नाही हे बरं झालं, असं मला ठेचा खाताना दरवेळी वाटतं.

जास्तीची रोपं शेजारच्या काकूंना देतो. त्या विचारतात, "नक्की ब्याडगीच ना रे?" आता शेतात बाजूला कुठली मिरची होती आणि मधमाशी कुठून कुठे गेली हे मी कसं सांगू! काकू, लागली की चावून बघा.